नवी मुंबई परिसर : प्रशासकीय सीमांचा इतिहास

ठाण्याची खाडी व पारसिकची डोंगररांग यांमधील चिंचोळी पट्टी, तिच्या दक्षिणेचा पनवेल खाडीकाठचा सखल प्रदेश आणि त्यापलीकडील उरणचा किनारा मिळून नवी मुंबई हा नागरी प्रदेश बनतो. १९७० नंतर नव्या शहरासाठी या भागातील ९५ गावांचे सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्र निश्चित करण्यात आले, तेव्हा ते ठाणे व कुलाबा अशा दोन जिल्ह्यांत आणि ठाणे, पनवेल व उरण अशा तीन तालुक्यांत विभागलेले होते. कुलाब्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले, परंतु विभागणी बदलली नाही. एकच शहर म्हणून योजलेला हा प्रदेश त्यामुळे आजही दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात आहे, आणि त्यावर दोन महानगरपालिका, एक नगरपरिषद, एक शासकीय महामंडळ व एक पोलीस आयुक्तालय यांच्या निरनिराळ्या हद्दी पडलेल्या आहेत. प्रत्येक राजवटीने वा यंत्रणेने येथे आपल्या कामापुरती हद्द आखली. सारावसुली, लष्करी ठाणी, जमीनसंपादन अशी तिची कारणे वेळोवेळी वेगळी होती. मात्र आधीची हद्द पुसण्याचे काम क्वचितच कोणी केले. या परिसरातील सीमांचा इतिहास म्हणजे मुख्यतः एकावर एक साचलेल्या अशा रेषांचा इतिहास होय.

खाडीची सीमा : उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत चौदाशे गावांच्या पुरी-कोकणाचा उल्लेख येतो. गावांच्या संख्येवरून विभाग ओळखण्याची ही पद्धत महसुली स्वरूपाची होती. ‘षट्‌षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावांचा विषय. त्याचेच पुढे ‘साष्टी’ झाले आणि पोर्तुगीज-इंग्रजांच्या तोंडी ‘साल्सेट’. गावे वाढली वा घटली, तरी संख्यावाचक नाव मात्र टिकले. उरणजवळील चांजे व रानवड येथे शिलाहारांचे शिलालेख सापडले आहेत. त्यांवरून खाडीच्या दोन्ही तीरांवर त्या काळी एकच सत्ता होती, हे स्पष्ट होते.

खाडी ही राजकीय सीमा ठरली ती पोर्तुगीज काळात. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यामुळे साष्टी व कारंजा (उरण) ही बेटे त्यांच्याकडे गेली, तर पूर्वेकडील मुख्य भूमीचा मोठा भाग दख्खनच्या सत्तांकडे राहिला. १६३६ च्या तहाने निजामशाहीचा कोकणातील मुलूख आदिलशाहीस मिळाला आणि १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. अशा स्थितीत बेलापूरसारखे खाडीमुखाजवळचे ठिकाण सरहद्दीचे ठाणे बनावे, हे स्वाभाविक होते. तेथील किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या चारही सत्तांच्या इतिहासात येतो.

मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर दोन्ही तीर पुन्हा एका राज्याखाली आले. ही स्थिती पुरती चाळीस वर्षेही टिकली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी, कारंजा ही बेटे त्यांच्याकडे कायम झाली. पनवेल व बेलापूर मात्र पेशव्यांकडेच राहिली. आज पनवेलहून उरणला जाणाऱ्यास जाणवणारही नाही अशी एक सीमा त्यानंतर सु. पस्तीस वर्षे या भागातून जात होती : अलीकडे पुण्याचा अंमल आणि पलीकडे मुंबईचा. तेव्हाचे उरण हे खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले बेट असल्यामुळे ही सीमा आखावी लागली नाही. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याने उत्तर कोकणचा मुलूख कंपनीस दिला आणि खाडीची ही भूमिका संपली.

जिल्ह्यांची घडण : पेशवाईतील प्रांत, परगणा, तर्फ, महाल या विभागांच्या जागी इंग्रजांनी जिल्हा व तालुका आणले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते, परंतु प्रत्यक्षात जुने महाल व तर्फा एकत्र करूनच नवे तालुके बनविण्यात आले. ठाणे हे मुख्य ठाणे असलेला उत्तर कोकण जिल्हा प्रथम अस्तित्वात आला. १८३० मध्ये दक्षिण कोकणातील सांकशी, राजपुरी व रायगड हे विभाग त्यास जोडण्यात आले आणि १८३३ पासून त्यास ठाणे जिल्हा म्हणू लागले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले होते. १८५३ मध्ये दक्षिणेकडील वरील तीन विभाग व कुलाब्याकडील मुलूख यांचा ठाण्याच्या अधीन असा कुलाबा हा उपजिल्हा करण्यात आला. १८६९ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला व अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण ठरले. संस्थानी मुलखाचे तुकडे त्यानंतरही मधे राहिले : जंजिरा संस्थान व भोर संस्थानातील सुधागड हे कुलाब्यात आले, ते स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाल्यावरच.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८८३ होय. त्या वर्षी पनवेल तालुका, उरण व कारंजासह, ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्यास जोडण्यात आला. १८९१ मध्ये कर्जतही तिकडे गेला. बेलापूर व पनवेल यांच्या दरम्यान आज जी जिल्हासीमा आहे, तिचे मूळ या फेरबदलात आहे. तत्कालीन परिस्थितीत त्यात वावगे काही नव्हते. पनवेल हे घाटावरील मालाची चढउतार होणारे बंदर होते आणि तेथे १८५२ पासून नगरपालिका होती. बेलापूरच्या पट्टीत त्या मानाने भाताची खाचरे, मिठागरे व मासेमारी करणारी लहान गावे एवढेच होते. दोहोंतून रेषा गेली, तरी तिने कोणाचे फारसे बिघडले नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांनी ही रेषा एका सलग शहराच्या मधून जाईल, अशी कल्पना त्या वेळी कोणास असणे शक्य नव्हते.

खाडीच्या पश्चिमेस याच काळात वेगळा प्रकार घडत होता. १९२० मध्ये साष्टीचे उत्तर व दक्षिण असे दोन तालुके करून दक्षिण साष्टीची ८४ गावे नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यास देण्यात आली. उत्तर साष्टी १९२३ मध्ये कल्याण तालुक्याचा महाल बनली आणि १९२६ मध्ये तिला ठाणे हे नाव मिळाले. पुढे मुंबईची महापालिका हद्द १९५० मध्ये अंधेरी-भांडुपपर्यंत व १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे शहर वाढले की जिल्ह्याची सीमा मागे सरे. लंडनच्या बाबतीतही १९६५ मध्ये असेच झाले. शहराने व्यापलेला मिडलसेक्स हा जुना परगणा प्रशासकीय घटक म्हणून उरलाच नाही. नवी मुंबईत हा क्रम उलटा झाला : शहराची आखणी झाली, पण जिल्हासीमा जागची हलली नाही.

गाव, बांध व गावठाण : जिल्हे व तालुके यांच्या तुलनेत गावाची हद्द फार चिवट असते. एकोणिसाव्या शतकातील पाहणी व जमाबंदीने प्रत्येक गावाच्या शिवेवर दगड रोवले, शेतांना भूमापन क्रमांक दिले आणि वहिवाटीने चालत आलेली शीव कागदावर आणली. राज्ये बदलली, तरी ‘मौजे’ हा घटक तोच राहिला. आजही खरेदीखतात व सातबाऱ्याच्या उताऱ्यात तोच येतो.

किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र जमिनीची कडाच स्थिर नव्हती. पनवेल, पेण, उरण या भागांत खाजणांना बांध घालून भरतीचे पाणी अडवीत आणि भातशेती करीत. बांध घालणारे व राखणारे शिलोत्रीदार यांस त्याबद्दल विशेष हक्क असत. बांध फुटला की शेत पुन्हा खाडीत जाई. अशा ठिकाणी गावाची पश्चिम सीमा कोणती, याचे उत्तर नकाशापेक्षा बांधाच्या डागडुजीवर अवलंबून असे. भरतीच्या पाण्याखालील भूमी सरकारची, हे तत्त्व इंग्रजी अंमलात पक्के झाले. आगरी व कराडी शेतकऱ्यांच्या जमिनी कागदोपत्री नोंदल्या गेल्या, परंतु कोळ्यांचे खाडीतील मासेमारीचे परंपरागत क्षेत्र भूमापन क्रमांकात बसणारे नव्हते. भूसंपादनाचा मोबदला भूमापन क्रमांकावर मिळत असल्याने या फरकाचे परिणाम पुढे दीर्घकाळ जाणवले.

गावठाण ही गावाच्या आतील वस्तीची हद्द होय. भूसंपादनात गावठाणे वगळण्यात आली आणि सभोवतालची शेते घेण्यात आली. जन्माला येणाऱ्या नव्या पिढीला घरासाठी जी जागा शेतात मिळाली असती, ती अशा रीतीने नाहीशी झाली. गावठाणाचा विस्तार लोकसंख्येच्या प्रमाणात झाला नाही; परिणामी जुन्या घरांना लागून, संपादित जमिनीवर, घरे उभी राहिली आणि ती अनधिकृत ठरली. ज्यांच्या पूर्वजांनी शीव राखली, त्यांच्याच वंशजांच्या घरांवर अतिक्रमणाच्या नोटिसा लागल्या. २०२२ मध्ये शासनाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मी. अंतरापर्यंतची अशी घरे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. सिडकोच्या आराखड्यांत मोठमोठ्या रेषा अनेकदा बदलल्या गेल्या आहेत. प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने जी रेषा सर्वांत निकडीची, ती मात्र सर्वांत उशिरा विचारात घेण्यात आली, असे म्हणावे लागते.

नियोजनाची हद्द : मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून मांडली. मुंबई महानगर प्रदेश नियोजन मंडळ १९६७ मध्ये नेमण्यात आले आणि त्याच्या प्रारूप आराखड्यात या कल्पनेस स्थान मिळाले. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले व १९७१ मध्ये त्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नव्या शहराचे विकास प्राधिकरण नेमण्यात आले. आरंभी ८६ गावे संपादनासाठी अधिसूचित झाली होती. १९७३ मध्ये आणखी नऊ गावे घेण्यात आली. त्याच वर्षी वाशीचा खाडीपूल सुरू झाला.

या हद्दीचे वैशिष्ट्य असे की, ती महसुली नव्हती, की स्थानिक स्वराज्याचीही नव्हती. तिच्या आत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आधीपासूनच होते. उरणकडे न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र स्वतंत्र झाले. ग्रामपंचायती चालूच राहिल्या, परंतु बांधकामाची परवानगी त्यांच्या हाती राहिली नाही. ज्याच्याकडे मत मागायला यायचे, त्याच्याकडे अधिकार नाही; आणि ज्याच्याकडे अधिकार, तो निवडून आलेला नाही, अशी गावकऱ्यांची अवस्था झाली.

जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक मरण पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदारास परत देण्याची योजना १९९० मध्ये मंजूर झाली, ती या लढ्यातून. तिचे लाभार्थी ठरविताना पुन्हा गावनिहाय संपादनाच्या नोंदीच पाहाव्या लागल्या.

महानगरपालिका व चौदा गावे : नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र मुख्यतः ठाणे जिल्ह्यातील दिघे ते बेलापूर या पट्ट्यापुरते राहिले. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल ही सिडकोनेच वसविलेली नगरे तिच्या बाहेर राहिली. त्यामुळे ‘नवी मुंबई’ या नावाचे दोन अर्थ झाले : एक सिडकोचा व एक महानगरपालिकेचा. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेची लोकसंख्या सु. ११.२ लक्ष दाखविलेली असून ‘नवी मुंबई पनवेल रायगड’ असे काहीसे विचित्र नाव असलेले सु. १.९५ लक्ष वस्तीचे वेगळे जनगणना नगर त्याशेजारी नोंदलेले आढळते. केवळ पहिला आकडा घेऊन शहराची वाढ मोजणाऱ्यांची यात फसगत होते.

महानगरपालिकेच्या पूर्व हद्दीचा वाद अधिक बोधक आहे. दहिसर, पिंपरी, नावाळी, वाकळण, भंडार्ली, गोटेघर, उत्तरशिव आदी चौदा गावे पारसिक डोंगररांगेच्या पलीकडे, शिळफाट्याच्या बाजूस आहेत. आरंभी ती महानगरपालिकेत होती. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये ती वगळण्यात आली. वगळल्यानंतर गोदामे व चाळी यांची वाढ झाली, पण पाणी, रस्ते व सांडपाणी यांची व्यवस्था करणे ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा त्याच गावांतून पुन्हा समावेशाची मागणी पुढे आली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा महानगरपालिकेत आली. या वेळी आक्षेप निघाला तो शहराच्या बाजूने : डोंगरापलीकडे सुविधा नेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? शेजारच्या कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांचाही अनुभव असाच आहे. ती २००२ मध्ये वगळण्यात व २०१५ मध्ये परत घेण्यात आली. दोन्ही उदाहरणांत गावांची मागणी बदलली, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. बाहेर राहिल्यास कर कमी, पण सुविधा नाहीत. आत गेल्यास कर निश्चित आणि सुविधा मात्र पुढे कधीतरी. अशा निवडीत दोन्ही वेळी तोट्याची बाजूच पदरी आली.

रायगड जिल्ह्यातील भागास स्वतंत्र महानगरपालिका मिळाली, ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी. पनवेलची जुनी नगरपरिषद, सिडकोची नगरे व २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका बनली. १८८३ ची जिल्हासीमा ही आता दोन महानगरपालिकांमधील सीमाही झाली आहे. बेलापूर व खारघर ही लोहमार्गावरील लागोपाठची स्थानके दोन जिल्ह्यांत मोडतात. खारघरच्या रहिवाशाचे तहसील कार्यालय पनवेलला व जिल्हाधिकारी अलिबागला. त्याच्या पोलीस आयुक्तांचे कार्यालय मात्र बेलापूरला, कारण १९९४ मध्ये स्थापन झालेल्या पोलीस आयुक्तालयाने जिल्हासीमा ओलांडून दोन्हीकडची ठाणी घेतली. कोकण विभागाच्या आयुक्तांचे कोकण भवनही बेलापूरलाच आहे. लोकसभा मतदारसंघांची तऱ्हा आणखी निराळी : २००८ च्या पुनर्रचनेनंतर ऐरोली व बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाण्यात राहिले, तर पनवेल व उरण हे कर्जतसह सह्याद्री ओलांडून पिंपरी, चिंचवड व मावळ यांना जोडले गेले आणि मावळ हा लोकसभा मतदारसंघ बनला.

या विविधतेचे कारण कायद्यात आहे. राज्यांच्या सीमा संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद बदलते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न इतकी वर्षे रेंगाळला, त्याचे हे एक कारण. जिल्हे व तालुके यांच्या सीमा मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये राज्यशासन अधिसूचनेद्वारे बदलू शकते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तो असाच. महापालिकेची हद्द १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने, नियोजन क्षेत्र १९६६ च्या नगररचना अधिनियमाने व आयुक्तालय १९५१ च्या पोलीस अधिनियमाने ठरते. या अधिनियमांनुसार निघणाऱ्या अधिसूचना निरनिराळ्या विभागांच्या असतात आणि त्यांतील रेषा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत, असे बंधन कोठेही नाही.

अलीकडील फेरबदल : २०१३ मध्ये नियोजित विमानतळाभोवतालच्या २७० गावांसाठी सिडकोस विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. हे ‘नैना’ क्षेत्र पुढे वेळोवेळी कमी करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते चिर्ले-न्हावा हा सु. २१.८ किमी. लांबीचा अटल सेतू खुला झाला व उरण मुंबईस प्रथमच थेट रस्त्याने जोडले गेले. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास कर्नाळा-साई-चिरनेर या नव्या नगराचे विकास प्राधिकरण नेमण्यात आले. १९७० मधील भूसंपादनाचा अनुभव जवळून पाहिलेल्या या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी त्यास मोठ्या संख्येने लेखी हरकती घेतल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ हा नावाने नवी मुंबईचा असला, तरी नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. त्यासाठी उठविण्यात आलेल्या दहा गावांचे पुनर्वसन सिडकोच्या पुष्पकनगर व आसपासच्या वसाहतींत करण्यात आले. त्या गावांची वस्ती उठली, परंतु महसुली दप्तरात मौजे म्हणून त्यांची नावे राहिली आणि धावपट्टीखालची जमीन त्याच जुन्या शिवांनुसार नोंदली गेली.